अंदाजपत्रकात एकच आकडा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या धरणाची किंवा पुलाची मूळ किंमत इतकी होती आणि ती आता इतकी झाली, अशी बातमी आपल्या दैनिकात महिन्यातून एखाददुसऱ्यांदा तरी वाचायला मिळते. त्यावर जी वाचकांची पत्रे येतात त्यांत कंत्राटदार आणि पुढारी यांच्यावरचा राग असतो, आणि तो पुष्कळदा रास्तही असतो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते या प्रकारातल्या एका निराळ्या दोषाकडे, कारण कुणी एक पैसा खाल्ला नसला तरी त्या दोषामुळे निर्णय चुकतो. अंदाजपत्रक करताना आम्ही अभियंते ज्या गोष्टी आम्हाला नक्की ठाऊक नसतात, त्याही ठाऊक असल्यासारख्या एकाच आकड्यात लिहून मोकळे होतो. पायाखालचा खडक किती खोलीवर लागेल, भूसंपादनाला तीन वर्षे लागतील की तेरा, सळयांना लागलेला गंज वरवरचा आहे की आतवर गेला आहे, या प्रश्नांचे उत्तर त्या दिवशी कुणालाच माहीत नसते; तरीही अहवालाच्या शेवटच्या पानावर पैशांपर्यंत जुळलेली एकच बेरीज असते आणि तिच्यावर सही होते.

अनिश्चितता कागदावर मांडून निर्णय घेण्याचे एक शास्त्र आहे, त्याला निर्णय विश्लेषण म्हणतात. हे नाव १९६० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाले आणि अभियांत्रिकी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यावर हमखास एक प्रकरण असते. आम्हीही ते परीक्षेपुरते वाचले होते. नोकरीत ते कधी वापरल्याचे मला आठवत नाही. ते मी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरले ते निवृत्तीनंतर, स्वतःच्या गृहनिर्माण संस्थेत, आणि तो अनुभव जरा तपशिलात सांगतो, कारण धरणापेक्षा आपली इमारत वाचकांना जवळची वाटेल.

आमची इमारत १९८८ सालची, तळमजल्यावर पार्किंग आणि वर चार मजले. आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते, तसे आम्ही करवून घेतले. लेखापरीक्षकाने डोळ्यांनी पाहणी करून आणि हातोडीने ठोकून अहवाल दिला, त्यात दोन पर्याय होते. पहिला पर्याय म्हणजे सुटलेले प्लास्टर काढून, सळया घासून, पॉलिमर मॉर्टरने भरून गळती बंद करणे. खर्च ४५ लाख. दुसरा म्हणजे कॉलमना जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचे आवरण चढवून, सर्व भार वाहणाऱ्या भागांची सखोल दुरुस्ती. खर्च १ कोटी १० लाख. सर्वसाधारण सभेत दोन तट पडले. स्वस्तवाले म्हणाले, गरज नसताना पासष्ट लाख जास्तीचे कशाला? महागवाले म्हणाले, आज लिपापोती केली तर चार वर्षांनी पुन्हा हेच करावे लागेल. मी महागवाल्यांच्या बाजूने तावातावाने बोललो, कारण अभियंता म्हणून मला तेच शोभून दिसत होते. दोन सभा भांडणात गेल्या.

तिसऱ्या सभेच्या आधी कार्यकारी समितीच्या सातही जणांना मी एकेक चिठ्ठी दिली आणि सांगितले की गंज आतवर गेला असण्याची शक्यता शंभरात किती वाटते, एवढाच आकडा लिहा, नाव लिहू नका. उत्तरे १५ पासून ८० पर्यंत होती. अक्षरावरून मला कुणी काय लिहिले ते कळलेच. वरच्या मजल्यावर ज्यांच्या घरात पाणी ठिबकते त्यांनी ८० लिहिले होते आणि ज्यांनी नुकतेच घराचे फर्निचर करून घेतले होते त्यांनी १५. मग प्रत्येकाने आपल्या आकड्यामागचे कारण सांगायचे ठरले. तासभर बोलणे झाल्यावर पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या, तेव्हा बहुतेक आकडे तीस ते पन्नासच्या आत आले. आम्ही ४० धरला. हा आकडा काही शास्त्रीय सत्य नव्हता, पण दोन सभांत जे कुणीच उघड बोलले नव्हते ते त्यामुळे बोलले गेले: भांडण खर्चाबद्दल नव्हते, आपल्याला न दिसणाऱ्या सळयांबद्दल होते.

पुढचे गणित सातवी-आठवीच्या मुलालाही जमेल असे आहे. प्रत्येक पर्यायापुढे त्याच्या शक्य परिणामांच्या फांद्या काढायच्या, या आकृतीला निर्णयवृक्ष म्हणतात. स्वस्त दुरुस्ती केली आणि गंज वरवरचा निघाला तर ४५ लाखांत काम भागते. स्वस्त दुरुस्ती केली आणि गंज खोल निघाला तर साधारण चार वर्षांनी सखोल दुरुस्ती करावीच लागेल, तेव्हा तिचा खर्च दीड कोटींच्या घरात गेलेला असेल. वर्षाला ८ टक्के व्याज धरले तर चार वर्षांनंतरच्या दीड कोटींचे आजचे मूल्य १ कोटी १० लाखच भरते. म्हणजे व्याजाने जे मिळते ते भाववाढ खाऊन टाकते, लांबणीवर टाकण्याचा फायदा शून्य आणि पहिले ४५ लाख पाण्यात. या फांदीचा एकूण भार १ कोटी ५५ लाख. आता ६० टक्के शक्यतेने ४५ आणि ४० टक्के शक्यतेने १५५ यांची भारित सरासरी काढली की स्वस्त पर्यायाचे अपेक्षित मूल्य ८९ लाख येते. महाग पर्याय दोन्ही परिस्थितींत १ कोटी १० लाखांचा. तेव्हा आमच्याच समजुतीप्रमाणे स्वस्तवाल्यांचे म्हणणे बरोबर होते आणि माझे चूक. गंज खोल असण्याची शक्यता ५९ टक्क्यांच्या वर गेली असती तरच माझा पर्याय सरस ठरला असता. हे मी सभेत फळ्यावर लिहून दाखवले, आणि स्वतःविरुद्ध निकाल दिल्यामुळे की काय, त्या दिवसापासून लोक माझे ऐकू लागले.

पण निर्णयवृक्षाचा खरा उपयोग याच्या पुढे आहे. दोनच पर्याय आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. तिसरा पर्याय होता, आधी माहिती विकत घेण्याचा. समजा, सळयांची अवस्था आम्हाला शंभर टक्के कळली असती, तर वरवरचा गंज असताना ४५ आणि खोल असताना ११० खर्च केले असते. त्याची सरासरी ७१ लाख. म्हणजे परिपूर्ण माहितीची किंमत ८९ वजा ७१, अर्थात १८ लाख. कोणतीही चाचणी १८ लाखांपेक्षा महाग असती तर ती करण्यात अर्थ नव्हता. प्रत्यक्षात काँक्रीटचा नळकांडीसारखा नमुना (कोअर) काढणे, कार्बोनेशन तपासणे आणि हाफ-सेल चाचणी या सगळ्यांचे मिळून दोन लाखांचे दरपत्रक आले. चाचणी काही परिपूर्ण नसते. खोल गंज असेल तर ती दहापैकी नऊ वेळा पकडते आणि नसताना दहापैकी दोन वेळा उगाच घाबरवते, असे धरून पुन्हा हिशेब केला. चाचणीनंतर अपेक्षित खर्च ८० लाख ६० हजारांवर आला. चुकणाऱ्या चाचणीचीही किंमत आमच्यासाठी ८ लाख ४० हजार होती आणि ती दोन लाखांत मिळत होती. याच दोन लाखांना आधीच्या दोन्ही सभांत ‘फुकटचा खर्च’ म्हणून एकमताने नकार मिळाला होता.

चाचणीचा दिवस मला चांगला आठवतो. पार्किंगमधल्या एका कॉलमचे काँक्रीट छिन्नीने ताजे फोडून त्यावर चाचणी करायला आलेल्या मुलाने फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. काँक्रीटमध्ये अल्कधर्मीपणा शाबूत असेल तर ते गडद गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो संपवला असेल तर रंग येत नाही, आणि सळईचे गंजापासूनचे संरक्षण गेलेले असते. आतला भाग जांभळट गुलाबी झाला, पण बाहेरचा तीन सेंटिमीटरचा पट्टा जसाच्या तसा राखाडी राहिला, आणि सळई होती अडीच सेंटिमीटरवर. जिन्यात उभे राहून पाहणाऱ्या बायकामाणसांना त्या राखाडी पट्ट्याने जे समजले ते लेखापरीक्षकाच्या चाळीस पानांनी समजले नव्हते. हाफ-सेल चाचणी त्याहून बोलकी. कॉपर सल्फेटच्या अर्धघटाशी तुलना करून सळईचे विभव मोजतात. ते उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे २०० पेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, आणि मधल्या पट्ट्यात काही सांगता येत नाही, असे अमेरिकी मानकातच म्हटलेले आहे. म्हणजे चाचणीचे मानकच शक्यतेच्या भाषेत बोलते, आणि आम्ही मात्र तिचा निकाल अहवालात ‘गंज आहे’ किंवा ‘गंज नाही’ असा लिहितो.

निकाल काय आला? आम्ही काढलेल्या वृक्षात जी फांदीच नव्हती ती खरी निघाली. संडास-न्हाणीघरांच्या डक्टला लागून असलेल्या कॉलमच्या ओळीत गंज खोल होता आणि बाकी इमारतीत वरवरचा. काम ६८ लाखांत झाले, त्या एका ओळीला जॅकेटिंग आणि बाकी ठिकाणी साधी दुरुस्ती. हे मी या पद्धतीचे कौतुक म्हणून सांगत नाही. उलट तिची सर्वांत मोठी उणीव हीच आहे की जी फांदी काढायचे सुचले नाही तिला ती शून्य शक्यता देते, आणि डक्टची गळती वीस वर्षे डोळ्यांसमोर असताना ती मला सुचायला हवी होती. पण चाचणीला पैसे द्यायला आम्ही तयार झालो ते त्या अपुऱ्या वृक्षामुळेच.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की सरासरी ही शंभर इमारती असणाऱ्याला उपयोगी, एक इमारत असणाऱ्याला तिचा काय उपयोग. आपल्यावर एकतर ४५ लाखांची वेळ येईल नाहीतर दीड कोटीची, ८९ लाखांची येणारच नाही. हे खरे आहे, आणि डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ सालीच दाखवून दिले होते की सारखीच रक्कम गरिबाला आणि श्रीमंताला सारखी जड नसते. आमच्याकडे निवृत्तिवेतनावर जगणारी जी चार घरे होती त्यांना अकस्मात अंगावर येणारा खर्च सरासरीपेक्षा कितीतरी जड गेला असता, म्हणून त्यांचे म्हणणे वेगळे नोंदवले गेले. आणि जिथे जिवाचा प्रश्न येतो तिथे तर सरासरी काढायला बसूच नये; जो पर्याय सुरक्षिततेच्या किमान निकषाला उतरत नाही तो वृक्षातून आधीच छाटून टाकायचा. दुसरा आक्षेप जास्त अस्सल मराठी आहे: ‘शक्यतेचे आकडे काय, हवे तसे बसवता येतात.’ बसवता येतात, यात शंका नाही. पण आकडा बसवण्याची कला आम्हाला निर्णय विश्लेषणाने शिकवलेली नाही. सिंचन प्रकल्पाला मान्यता मिळायची तर लाभव्यय गुणोत्तर, म्हणजे लाभ भागिले खर्च, साधारणपणे दीडच्या वर यावे लागते, अवर्षणप्रवण भागात एकच्या वर. आणि ते १.३८ आले तर पीकरचनेत थोडा बदल करून १.५२ कसे करायचे, हे कनिष्ठ अभियंता पहिल्या दोन वर्षांत शिकतो. मीही शिकलो होतो. फरक इतकाच की १.५२ या आकड्यामागे कोणकोणती गृहीतके दडली आहेत हे कुणाला दिसत नाही, आणि वृक्षातला ४० टक्के हा आकडा मात्र तारखेसह उघड्यावर असतो, त्यावर कुणीही बोट ठेवू शकतो.

गंमत अशी की पाटबंधाऱ्याच्या माणसाला शक्यतेचे वावडे असण्याचे काहीच कारण नाही. धरणाचा साठा ठरवताना आम्ही ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा धरतो, म्हणजे चार वर्षांपैकी तीन वर्षे तेवढे पाणी नदीला येईल आणि एक वर्ष येणार नाही, हे आम्ही लेखी कबूल करतो. सांडवा किती मोठा बांधायचा हे ठरवताना किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा विचार करायचा, यावर आमची पुस्तकेच्या पुस्तके आहेत. त्यातही शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, आपल्या हयातीत काही तो येत नाही. प्रत्यक्षात तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के असते. पावसापुढे आणि नदीपुढे आम्ही इतके नम्र असतो. तोच अभियंता भूसंपादन, पुनर्वसन, वनजमिनीची परवानगी आणि दरसूची यांच्याकडे वळला की एकदम त्रिकालज्ञानी होतो, आणि प्रकल्प सात वर्षांत अमुक कोटींना पूर्ण होईल असे लिहितो. नदी चार वर्षांतून एकदा दगा देईल, पण महसूल खाते एकदाही देणार नाही, असा तो हिशेब असतो.

मग येते ती सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे आमच्या बोलीत ‘सुप्रमा’. विदर्भातल्या गोसीखुर्द प्रकल्पाची मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती, भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये झाले, आणि पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. यात भाववाढीचा वाटा मोठा आहे, व्याप्तीही वाढली आहे, आणि बाकी जे काही झाले त्याची चर्चा आपल्या दैनिकात भरपूर झालेली आहे. मी ती उगाळत नाही. माझा मुद्दा एवढाच की जमीन वेळेत मिळाली नाही तर काय, ही फांदी सुरुवातीच्या अहवालात आकड्यांसह काढलेली असती, तर काम टप्प्याटप्प्याने करण्याचा, किंवा आधी जमीन आणि मग भिंत असा क्रम लावण्याचा विचार तरी कागदावर आला असता. सुप्रमाच्या वेळी आणखी एक घोटाळा होतो. आजवर इतका खर्च झालाच आहे, तेव्हा आता थांबणे परवडणार नाही, हे वाक्य मी कित्येक बैठकांत ऐकले आहे. झालेला खर्च वृक्षाच्या मुळाशी गेलेला असतो, पुढच्या कोणत्याच फांदीवर तो नसतो. निर्णय घ्यायचा तो यापुढे लागणारा पैसा आणि यापुढे मिळणारे पाणी यांच्या तुलनेवर. कधी या तुलनेतही काम पुरे करणेच शहाणपणाचे ठरते, पण मग ते त्या कारणासाठी करावे.

हे सगळे पुस्तकी आहे असे कुणाला वाटत असेल तर नेदरलँड्सकडे पाहावे. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचे पाणी बांध फोडून आत शिरले आणि तिथे १,८३६ माणसे गेली. त्यानंतर नेमलेल्या डेल्टा समितीपुढे प्रश्न होता तो बांध किती उंच करायचे हा. डेव्हिड व्हान डांट्सिख या गणितज्ञाने तो अर्थशास्त्राचा प्रश्न म्हणून मांडला: बांध वाढवण्याचा खर्च एका बाजूला, आणि पाणी वरून जाण्याची शक्यता गुणिले त्यातून होणाऱ्या नुकसानीचे आजचे मूल्य दुसऱ्या बाजूला, आणि या दोहोंची बेरीज जिथे कमीत कमी होईल ती उंची. त्यांचा हा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य हॉलंडच्या किनाऱ्यासाठी पुढे जे मानक ठरले ते वर्षाला दहा हजारांत एक अशा शक्यतेचे. ज्या देशाने नुकतीच एवढी प्रेते मोजली होती त्याने ‘पुन्हा कधीच नाही’ असे न म्हणता ‘दहा हजारांत एक’ असे जाहीरपणे लिहिले, याला धैर्य लागते. मुंबईत पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होत्या आणि ती क्षमता ५० करावी अशी शिफारस १९९३ च्या अहवालात होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वाहिन्या ५० च्या झाल्या असत्या तरी त्या दिवशी शहर तुंबलेच असते. पण २५ पुरेत की ५० हवेत हा प्रश्न त्या एका दिवसाचा नाही. दरवर्षी दोन-चार वेळा होणाऱ्या तुंबण्याच्या नुकसानीचा आहे, आणि ते नुकसान शक्यतेने गुणून खर्चासमोर मांडलेले नागरिकांना कधी दाखवले गेले असेल तर ते माझ्या पाहण्यात नाही.

माझी मागणी मोठी नाही. ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक सार्वजनिक कामाच्या प्रकल्प अहवालात लाभव्यय गुणोत्तराच्या शेजारी एक पान जोडावे. ज्यांच्यामुळे किंमत किंवा मुदत सर्वांत जास्त हलू शकते अशा चार-पाच अनिश्चित गोष्टी त्यावर असाव्यात. प्रत्येकीची शक्यता कुणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या आधारावर धरली ते असावे. आणि मान्यतेपूर्वी कोणती चाचणी किंवा सर्वेक्षण केले असता त्यातली कोणती शंका फिटेल, त्याला किती खर्च येईल आणि तो न करण्याचे कारण काय, हेही असावे. पायाच्या तपासणीसाठी आणखी चार बोअर घेऊ द्या म्हटल्यावर निधी नाही म्हणणारे, आणि खडक न लागल्यामुळे पाया खोल गेला की त्याच्या शंभरपट रक्कम सुप्रमात विनातक्रार मंजूर करणारे, असे एकच कार्यालय मी पाहिलेले आहे. ते पान असते तर निदान बोअर नाकारणाऱ्याला तसे सहीनिशी लिहावे लागले असते. सुप्रमाच्या प्रस्तावालाही मूळ पान जोडणे सक्तीचे करावे, म्हणजे कोणती शंका खरी ठरली आणि कोणती फांदी काढायचीच राहिली, ते पुढचा अहवाल करणाऱ्या मुलाला कळेल.

आमच्या संस्थेत त्या सात चिठ्ठ्या सचिवांनी इतिवृत्ताच्या वहीत डकवून ठेवल्या आहेत, चाचणीच्या निकालाच्या पानासमोर. पुढचे ऑडिट तीन वर्षांनी आहे, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला तेव्हा गेल्या महिन्यात ८० लिहिणाऱ्या गृहस्थांनीच आधी चिठ्ठ्या मागितल्या.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता
कोथरूड, पुणे